वाचक विचारतात : इंटरनेटवरची आडत

ऑनलाइन विक्री आणि तिची जाहिरात या विषयावर गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रे थोडक्यात घेतली असून, लेखकांच्या इच्छेप्रमाणे नावांऐवजी फक्त गावे दिली आहेत.

प्रश्न : माझा नातू म्हणतो की इंटरनेटवरून माल विकणे ही मोबाइल आल्यानंतरची, म्हणजे फार तर दहा वर्षांतली गोष्ट आहे. मला मात्र सांगलीच्या सायबर कॅफेत बसून बेदाण्याचे परदेशातले भाव पाहिल्याचे आठवते आणि तेव्हा हा नातू जन्मलाही नव्हता. आमच्यापैकी कोणाचे खरे? – एक बेदाणा उत्पादक, तासगाव

उत्तर : आपली आठवण खरी आहे आणि नातवाचे म्हणणेही अगदीच चूक नाही. विक्री जुनी आहे. ती आपल्या गावापर्यंत पोहोचली ती मात्र अलीकडे.

अमेरिकेत १९९४ हे वर्ष या सगळ्याचे मूळ मानता येईल. त्या वर्षी ११ ऑगस्टला संगीताची एक सीडी क्रेडिट कार्डाचा क्रमांक सांकेतिक रूपात पाठवून विकली गेली आणि इंटरनेटवरचा पहिला सुरक्षित व्यवहार म्हणून तिचाच उल्लेख केला जातो. २७ ऑक्टोबरला 'हॉटवायर्ड' या संकेतस्थळावर एटी अँड टी या दूरध्वनी कंपनीची एक आडवी पट्टी झळकली, ती पहिली बॅनर जाहिरात समजली जाते. ती पाहणाऱ्या शंभरांतल्या चव्वेचाळीस जणांनी तिच्यावर क्लिक केले असे सांगतात. आज शंभरांत एकाने केले तरी जाहिरातदार पेढे वाटेल. पुढच्याच वर्षी ॲमेझॉनने पुस्तके विकायला सुरुवात केली, ईबेचे लिलाव सुरू झाले, आणि आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेही आधी मोजक्या महानगरांत. सांगली-साताऱ्याला त्यासाठी आणखी काही वर्षे थांबावे लागले.

खरी कलाटणी मात्र पट्टीच्या जाहिरातीने दिली नाही, ती शब्दांच्या लिलावाने दिली, आणि हा भाग सांगलीच्या माणसाला कोणापेक्षाही लवकर समजेल. १९९८ मध्ये 'गोटू' नावाच्या एका अमेरिकी शोधयंत्राने शोधात टाइप होणाऱ्या शब्दांची बोली लावायला सुरुवात केली. जो जास्त पैसे देईल त्याची जाहिरात वर. गूगलने २००० मध्ये स्वतःची जाहिरातसेवा आणली आणि २००२ मध्ये तिच्यात दोन सुधारणा केल्या. नुसती बोली पाहायची नाही, लोक त्या जाहिरातीवर किती क्लिक करतात हेही मोजायचे, ही पहिली. जिंकणाऱ्याकडून त्याने बोललेली पूर्ण रक्कम घ्यायची नाही, खालच्या स्पर्धकाला मागे टाकण्यापुरतीच घ्यायची, ही दुसरी. आपल्या बाजारांत पूर्वी रुमालाखाली हात धरून, बोटे दाबून भाव ठरत असे आणि शेजारच्याला काय भाव निघाला हे कळत नसे. पुढे बाजार समित्यांनी उघड लिलावाचा आग्रह धरला. गूगलचा सौदा पुन्हा रुमालाखाली गेला आहे : आपण 'बेदाणा' असे टाइप करतो तेव्हा पापणी लवायच्या आत लिलाव होऊन जातो आणि शेजारच्याने काय बोली लावली हे कोणत्याही विक्रेत्याला दिसत नाही.

त्या सुरुवातीच्या काळातला माझा एक अनुभव येथे सांगण्याजोगा आहे. २००१ च्या सुमारास मी एका हळद व्यापाऱ्याला संकेतस्थळ करून दिले होते. पिवळ्या पार्श्वभूमीवर पिवळ्याच हळकुंडांचे चित्र होते आणि खाली, त्या काळच्या रिवाजाप्रमाणे, किती लोक येऊन गेले हे दाखवणारा आकडा होता. तो आकडा रोज वाढत असे, कारण मालक, त्यांचे दिवाणजी आणि मी असे आम्ही तिघेच तो वाढला का हे पाहायला रोज येत होतो. त्यातच एकदा आखातातून दोन कंटेनर हळदीची खरी चौकशी आली आणि ती ईमेल तीन आठवडे उघडलीच गेली नाही, कारण पेढीवरचा संगणक फक्त दिवाणजींच्या मुलाला लावता येत होता आणि त्याची परीक्षा चालू होती. दुकान उघडले होते, पण गल्ल्यावर माणूस नव्हता. त्या वर्षांतल्या किती तरी संकेतस्थळांची गोष्ट हीच होती.

भारतात लोकांचा धीर चेपला तो रेल्वेच्या तिकिटांनी. २००२ मध्ये आयआरसीटीसीने तिकिटे इंटरनेटवर विकायला घेतली, तेव्हा पैसे संगणकावर भरायचे आणि छापील तिकीट कुरिअरने घरी यायचे. २००७ मध्ये बंगळुरूला फ्लिपकार्ट सुरू झाले आणि २०१० मध्ये त्यांनी 'माल हातात पडल्यावर पैसे' ही सोय दिली. ही सोय नवी वाटली, तरी आपल्या टपाल खात्याची व्ही. पी. पी. १८७७ पासून तेच करत आली आहे. पोस्टमनला पैसे दिल्यावरच पार्सल फुटायचे. शिवाय प्रत्येक पार्सल ज्या सहा अंकांवर धावते तो पिनकोड श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याने १९७२ मध्ये घालून दिला. सांगलीचा ४१६४१६ हा आकडा लक्षात ठेवायला इतका सोपा आहे की कुरिअरवाले त्याबद्दल कृतज्ञ असावेत.

आता नातवाची बाजू. २०१६ मध्ये एप्रिलात यूपीआय आले आणि सप्टेंबरात जिओमुळे डेटा स्वस्त झाला. मालाचे चित्र पाठवणे आणि पैसे घेणे या दोन्ही गोष्टी एकाच खिशातल्या यंत्रावर आल्या, आणि तासगावच्या शेतकऱ्याला सायबर कॅफेची पायरी चढण्याची गरज उरली नाही. त्याने पाहिलेले जग तिथून सुरू होते, एवढेच.

प्रश्न : आम्ही चार मैत्रिणी गोडा मसाला, मेतकूट आणि थालीपिठाची भाजणी करतो. आतापर्यंत ओळखीवर विक्री झाली. आता एका मोठ्या ऑनलाइन बाजारात नोंदणी करावी असे मुलगी म्हणते, तर माझ्या यजमानांच्या मते व्हॉट्सॲप पुरेसे आहे. आपण काय सुचवाल? – एक गृहिणी, वाई

उत्तर : आधी हिशेब मांडू. पुढचे आकडे कोणत्याही कंपनीचे दरपत्रक नाही. ते समजण्यापुरते घेतले आहेत. समजा, अर्धा किलो मसाल्याचा पुडा ३५० रुपयांना विकला. जिन्नस, दळण, पुडा आणि आपली मजुरी मिळून २१० रुपये गेले. राहिले १४०. त्यातून ऑनलाइन बाजाराने दहा टक्के, म्हणजे ३५ रुपये घेतले, आणि पाठवणावळ ६५ रुपये पडली. हाती आले ४०. दहा पुड्यांपैकी आठ पोहोचले तर ३२० रुपये मिळाले. उरलेले दोन 'घरी कोणी नाही', 'आता नको' असे शेरे घेऊन परत आले, तर प्रत्येकी जाण्या-येण्याचे १३० रुपये गेले. आणि खाण्याचा जिन्नस कुठे कुठे फिरून परत आल्यावर तो दुसऱ्या गिऱ्हाइकाला देणे बरे नाही, म्हणून २१० रुपयांचा मालही गेला. दोन पुड्यांचे ६८० रुपये झाले. म्हणजे दहा पुडे विकून पदरी ३६० रुपयांचा तोटा आला, एका पुड्याच्या किमतीपेक्षा दहा रुपये जास्तच.

बहुतेक नवे विक्रेते कमिशनवर घासाघीस करतात आणि परत येणाऱ्या पार्सलांकडे दुर्लक्ष करतात. बुडतात ते या दुसऱ्या गोष्टीने. माल मिळाल्यावर पैसे देणाऱ्याचे मन पार्सल वाटेत असेपर्यंत बदलू शकते. आधी यूपीआयने पैसे भरणारा सहसा पार्सल नाकारत नाही. म्हणून शक्य असेल तेथे आधी पैसे भरणाऱ्याला दहा-वीस रुपयांची सूट द्या. ती सूट परत येणाऱ्या पार्सलापेक्षा स्वस्त पडते.

पुड्याचेही लक्षात ठेवा. मिरजेच्या एका घरगुती उद्योगात परत आलेले एक खोके मी पाहिले आहे. आत हळदीचे सहा पुडे होते. पैकी एकाची शिवण फक्त मेणबत्तीवर चिकटवलेली होती आणि ती कोपऱ्यात बोटभर सुटली होती. हळद खोक्याच्या घड्यांतून बाहेर येऊन पत्त्याच्या चिठ्ठीवर पसरली होती, त्यामुळे पिनकोडचे शेवटचे दोन अंक वाचता येत नव्हते आणि पार्सल आधी भलत्याच गावाला जाऊन आले होते. पायाने दाबायचे सीलिंग मशीन घ्या, जाड पिशवी वापरा आणि चिठ्ठीवर पारदर्शक पट्टी लावा. मसाल्याला वास असतो, तो शेजारच्या पार्सलला लागला तरी तक्रार येते.

कायद्याच्या बाबतीत तीन गोष्टी पाहा. खाद्यपदार्थ विकायचा तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी हवी आणि तिचा चौदा अंकी क्रमांक पुड्यावर छापलेला हवा; वजन, किंमत, तयार केल्याची तारीख आणि आपला पत्ताही त्यावर असला पाहिजे. जीएसटीच्या बाबतीत १ ऑक्टोबर २०२३ पासून लहान विक्रेत्यांना एक दिलासा मिळाला आहे : उलाढाल नोंदणीच्या मर्यादेखाली असेल आणि माल फक्त आपल्याच राज्यात विकायचा असेल, तर ऑनलाइन बाजारातून विकण्यासाठी पूर्ण जीएसटी नोंदणी सक्तीची नाही, पोर्टलवर नावनोंदणी करून मिळणारा क्रमांक पुरतो. मात्र बेळगाव किंवा बंगळुरूला पुडा पाठवायचा असेल तर नोंदणी करावी लागेल. वाईतल्या करसल्लागाराला एकदा विचारून घ्या. त्याची फी परत आलेल्या दोन पार्सलांएवढीच असेल.

आता प्रश्नाच्या मुळाशी येऊ. बाजार समितीत शेतकरी माल आणतो, अडत्या गिऱ्हाईक आणतो आणि आडत घेतो. ऑनलाइन बाजार हाही अडत्याच आहे, फरक एवढाच की मार्केट यार्डातल्या अडत्याच्या दुकानात आपण खरेदीदाराचा चेहरा तरी पाहतो. येथे गिऱ्हाइकाचा फोन नंबरही बहुधा आपल्याला दिसत नाही. तो त्या बाजाराचा राहतो, आणि उद्या त्याच गिऱ्हाइकाला आपल्या शेजारी दुसऱ्याचा मसाला दाखवला जातो. म्हणून मुलीचे आणि यजमानांचे, दोघांचेही ऐका. नवे गिऱ्हाईक मिळवायला बाजारात दोनच जिन्नस ठेवा, आणि जो एकदा थेट मागवेल त्याचे नाव, गाव, त्याला तिखट किती लागते आणि मागच्या वेळी काय घेतले हे वहीत लिहा. चैत्रात भाजणी संपत आली असेल तेव्हा त्या वहीवरून फोन करा. व्हॉट्सॲपच्या प्रसारण यादीत एक बारकावा आहे : ज्यांनी आपला नंबर स्वतःच्या फोनमध्ये साठवला आहे त्यांनाच आपला संदेश जातो. म्हणून पहिल्या पुड्यासोबतच्या चिठ्ठीवर 'हा नंबर साठवून ठेवावा' असे लिहायला विसरू नका.

प्रश्न : मला मिक्सर ज्या भावाने घाऊक व्यापाऱ्याकडून मिळतो, त्यापेक्षा कमी भावात तो ऑनलाइन कसा मिळतो? यांना परवडते कसे? – एक विद्युत वस्तूंचे दुकानदार, सातारा

उत्तर : कधी परवडते, कधी परवडत नाही आणि तरीही विकतात. उत्पादकाकडून थेट आणि प्रचंड प्रमाणात घेतलेला माल, हंगाम उलटून गेलेले मॉडेल, बँकेने स्वतःच्या खिशातून दिलेली कार्डावरची सूट आणि गुंतवणूकदारांच्या पैशांवर काही वर्षे सोसलेला तोटा, असे हे मिश्रण असते. शिवाय मोठे ऑनलाइन बाजार केवळ विक्रीवर जगत नाहीत. आपला माल वरच्या ओळीत दिसावा म्हणून विक्रेते जी जाहिरात घेतात तिचे पैसे वेगळे मिळतात, म्हणजे एकाच मालावर आडतही मिळते आणि वर जागेचे भाडेही.

कायद्याने यावर काही बंधने घातली आहेत. परकीय भांडवल असलेल्या कंपनीला भारतात बाजार चालवता येतो, पण स्वतःचा साठा करून थेट ग्राहकाला विकता येत नाही. बाजाराच्याच गटातल्या कंपन्यांकडून एखादा विक्रेता आपल्या खरेदीच्या चतुर्थांशाहून अधिक माल घेत असेल, तर तो साठा बाजाराच्याच ताब्यातला समजला जातो; हा नियम डिसेंबर २०१८ मध्ये जाहीर होऊन १ फेब्रुवारी २०१९ पासून लागू झाला. भारतीय स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२० मध्ये ॲमेझॉन आणि फ्लिपकार्ट यांच्या व्यवहारांच्या चौकशीचा आदेश दिला, त्यामागे आपल्यासारख्याच दुकानदारांच्या संघटनेची तक्रार होती.

भावाच्या स्पर्धेत आपण उतरू नये असे माझे स्पष्ट मत आहे. मिक्सरचे भांडे घासून गळायला लागले की साताऱ्यातला माणूस खोके बंगळुरूला पाठवत नाही, तो पिशवीत भांडे घालून आपल्या दुकानात येतो. त्या दुरुस्तीचे आणि सुट्या भागांचे फलक आपण लावले आहेत का? गूगलच्या नकाशावर आपल्या दुकानाची वेळ, फोन नंबर आणि 'मिक्सर दुरुस्ती' हे शब्द विनामूल्य भरता येतात. 'जवळचे मिक्सर दुरुस्ती दुकान' असे कोणी शोधले तर ऑनलाइन बाजारापेक्षा आपले दुकान वर दिसण्याची शक्यता पुष्कळ आहे.

प्रश्न : माझी भाजीपाल्याची रोपवाटिका आहे. रोज रील टाकल्याशिवाय आता माल खपत नाही असे सगळे सांगतात. मला नाचणे जमत नाही. काय करावे? – एक रोपवाटिका चालक, पलूस

उत्तर : नाचू नये. आपल्या तालुक्यातच याचे उत्तर आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला, तेव्हा लोखंडाने जमिनीत विष भिनते अशी समजूत होती आणि पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली असे सांगतात. १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली, आणि १९२० मध्ये त्यांचे पुतणे शंकरराव यांनी 'किर्लोस्कर खबर' हे मासिक काढले. कारखान्याची आणि मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत नेण्यासाठी काढलेले ते पत्र पुढे महाराष्ट्रभर वाचले जाणारे मासिक झाले. आज ज्याला 'कंटेंट मार्केटिंग' म्हणून शहरातले लोक पाच आकडी फी घेऊन शिकवतात, ते आपल्या रेल्वे स्थानकाशेजारी शंभर वर्षांपूर्वी चालू होते.

आपणही आपल्याला जे येते तेच दाखवावे. टोमॅटोचे रोप ट्रेमधून काढताना मूळ कसे पांढरे असावे, लावणीच्या आधी पाणी किती दिवस तोडावे, कोणत्या पानावरचा डाग औषधाचा आणि कोणता रोगाचा, हे एका मिनिटात, घरच्या मराठीत, हातात रोप धरून सांगा. चेहरा दिसला नाही तरी चालेल. मात्र आवाज स्वच्छ यावा, म्हणून ठिबकची मोटर बंद करून चित्रीकरण करा. आठवड्यातून एकदा पुरे. हंगामाच्या दीड महिना आधी टाका, कारण शेतकरी रोपांची नोंदणी आगाऊ करतो.

प्रश्न : पाचशे रुपयांत 'पश्चिम महाराष्ट्रातील एक लाख ग्राहकांचे मोबाइल नंबर आणि ईमेल' देतो असा संदेश आला आहे. घ्यावेत का? तसेच खरेदी करताना 'फक्त २ शिल्लक, १० मिनिटे उरली' असे दाखवतात, ते खरे असते का? – एक वाणिज्य शाखेचा विद्यार्थी, कराड

उत्तर : घेऊ नका. न मागता घाऊक संदेश पाठवण्याचा उद्योग इंटरनेटहूनही जुना आहे. ३ मे १९७८ रोजी एका अमेरिकी संगणक कंपनीच्या विक्री अधिकाऱ्याने त्या काळच्या अर्पानेट या जाळ्यावरील सुमारे चारशे जणांना आपल्या नव्या यंत्राची जाहिरात एकदम पाठवली आणि लगेच बोलणी खाल्ली. आपल्याकडे व्यावसायिक एसएमएस पाठवायचा तर दूरसंचार नियामकाच्या नियमांप्रमाणे पाठवणाऱ्याची, त्याच्या नावाची आणि मजकुराच्या नमुन्याचीही आधी नोंदणी करावी लागते. वैयक्तिक सिमवरून घाऊक जाहिराती पाठवल्या तर क्रमांक बंद होऊ शकतो. आणि व्यवहाराचेच बोलायचे तर, पाचशे रुपयांत आपल्याला मिळालेली यादी आणखी किती जणांनी विकत घेतली असेल याचा विचार वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने करावा.

घड्याळाचे म्हणाल तर, पान पुन्हा उघडून पाहा. दहा मिनिटे पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली तर ते घड्याळ खोटे आहे. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा तेरा फसव्या युक्त्यांवर बंदी घातली, त्यांत खोटी घाई दाखवणे, न मागता टोपलीत वस्तू घालणे आणि शेवटच्या पानावर शुल्क वाढवणे या गोष्टी येतात. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार संमतीची खूण आधीच करून ठेवण्यासही मनाई आहे. विक्रेत्या संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निवारण द्यायला हवे. तसे झाले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर फोन करा. त्याआधी त्या घड्याळाचे दोन स्क्रीनशॉट काढून ठेवा, एक आता आणि एक दहा मिनिटांनी.